कॉक, फेमके : सुरुवातीची कारकीर्द

कॉक, फेमके : (१६ ऑक्टोबर २०००– ). नेदरलँड्सची स्पीड स्केटिंगपटू. ५०० मीटर ही तिची हुकमी शर्यत. १००० मीटरमध्येही ती उतरते. या नोंदीत कुमार गटापासून २०२५ मधील विश्वविक्रमापर्यंतच्या तिच्या वाटचालीचा विचार केला आहे.

फेमकेचा जन्म देशाच्या उत्तरेकडील फ्रीसलंड प्रांतात, नाय बेट्स या खेड्यात झाला. दलदलीतून पीट (कुजलेल्या वनस्पतींचा जळाऊ थर) खणणाऱ्या मजुरांच्या वस्तीतून एकोणिसाव्या शतकात हे गाव वाढले. फ्रीसलंडमध्ये कालवे आणि तळी जागोजागी आहेत. ती गोठली की सारा प्रांत बर्फावर उतरतो. अकरा शहरांना जोडणारी सुमारे २०० किलोमीटरची एल्फस्टेडेनटॉख्ट ही शर्यत इथलीच. ती १९०९ मध्ये सुरू झाली आणि बर्फ पुरेसा जाड झाला तरच होते. १९९७ नंतर ती झालेली नाही, म्हणजे फेमकेच्या पिढीने ती पाहिलेलीच नाही. या पिढीचे स्केटिंग घडले ते कृत्रिम बर्फावर. नाय बेट्सपासून सुमारे १५ किलोमीटरवर हेरेनवेन येथे थियाल्फ हे बंदिस्त स्केटिंग संकुल आहे. तेथील ४०० मीटरच्या धावपट्टीवर १९८६ पासून छप्पर आहे.

डच प्रेक्षकांचा जीव परंपरेने लांब पल्ल्यावर. ५००० आणि १०,००० मीटरमध्ये एकसारख्या वेळेत फेऱ्यांमागून फेऱ्या काढणारा खेळाडू हाच त्यांचा खरा नायक. स्प्रिंटच्या (कमी पल्ल्याच्या वेगवान शर्यतींच्या) वाट्याला हे प्रेम उशिरा आले. महिलांची ५०० मीटर शर्यत हिवाळी ऑलिंपिकमध्ये १९६० पासून आहे. त्या वर्षापासून २०२२ पर्यंत डच महिलांना तिच्यात एकच पदक मिळाले, मार्गो बूर हिचे २०१४ मधील कांस्य. मारियाने टिमर हिने १९९८ आणि २००६ मध्ये सुवर्ण मिळवले होते, पण १००० मीटरमध्ये (१९९८ मध्ये १५०० मीटरमध्येही). पुरुषांनाही ५०० मीटरचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण २०१४ मध्येच मिळाले, मिशेल मुल्डरकडून. फेमकेच्या यशाचे मोल ठरवताना ही पार्श्वभूमी लक्षात घ्यायला हवी. नेदरलँड्स हा स्केटिंगचा देश, तेव्हा तिथे स्प्रिंटर निपजणारच, असे समजणे चुकीचे ठरेल.

५०० मीटरच्या शर्यतीत चुकीला जागा नसते. उभ्या जागेवरून सुटून पहिले १०० मीटर सरळ, मग एक पूर्ण फेरी. दोन खेळाडू एका वेळी धावतात आणि मागच्या सरळ पट्ट्यावर मार्गिकांची अदलाबदल करतात. बाहेरच्या मार्गिकेतून सुरुवात करणाऱ्याला शेवटचे वळण आतून घ्यावे लागते. वेग तेव्हा सर्वाधिक असतो, वळणाचा घेर लहान, आणि पायाखाली जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे पाते. तोल किंचित गेला तरी खेळाडू बाहेर फेकला जातो. पूर्वी मोठ्या स्पर्धांत ही शर्यत दोनदा घेऊन वेळांची बेरीज करीत, त्यामुळे दोघांनाही दोन्ही मार्गिका मिळत. ऑलिंपिकमध्ये २०१८ पासून एकच धाव उरली आहे. एक वाईट पाऊल पडले की पुढची चार वर्षे वाट पाहायची.

डच खेळाडू साधारणपणे प्रांतिक निवड संघांतून खाजगी प्रायोजकांच्या व्यावसायिक संघांकडे जातात. ही पद्धत १९९० च्या दशकाच्या मध्यापासून रुजली. फेमके कुमार गटात जागतिक पातळीवर चमकली आणि पुढे रेगेबोर्ख संघात आली. तिथे तिला जेरार्ड फान फेल्डे हे प्रशिक्षक लाभले. सॉल्ट लेक सिटी येथे २००२ मध्ये १००० मीटरचे सुवर्ण त्यांनी विश्वविक्रमी १ मिनिट ७.१८ सेकंदांत जिंकले होते. त्याआधी टाच सुटी राहणारे नवे क्लॅप स्केट त्यांच्या अंगवळणी पडले नव्हते. त्यांनी खेळ सोडून मोटारी विकण्याचे कामही केले होते. स्प्रिंटमधील अपयश काय असते, हे त्यांना प्रशिक्षक होण्याआधीच पुरते ठाऊक होते.

कोरोनाच्या साथीमुळे २०२०–२१ च्या मोसमातील मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा जानेवारी-फेब्रुवारीत थियाल्फमध्येच, प्रेक्षकांविना घेण्यात आल्या. विशीतल्या फेमकेने ५०० मीटरमध्ये विजयांची मालिकाच लावली आणि त्या अंतराचा विश्वचषक पटकावला. फेब्रुवारीतील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मात्र रशियाची अँजेलिना गोलिकोवा पहिली आली व फेमके दुसरी. घराजवळचा, लहानपणापासून पायाखालचा बर्फ तिला लाभदायक ठरला हे खरेच. तरी जगातल्या अनेक आघाडीच्या स्प्रिंटर तिथे महिनाभर तिच्यासोबत धावत होत्या, म्हणून त्या यशाला केवळ घरचे यश म्हणून बाजूला सारता येत नाही.

खरी परीक्षा बाहेर होती, आणि पहिल्या खेपेस ती कठीण गेली. बीजिंग येथील २०२२ च्या ऑलिंपिकमध्ये ५०० मीटरचे सुवर्ण अमेरिकेच्या एरिन जॅक्सनने जिंकले. फेमकेला पदक मिळाले नाही.

त्यानंतरच्या वर्षी थियाल्फवरच ती ५०० मीटरची जगज्जेती झाली. एकेरी अंतरांच्या (प्रत्येक अंतराचा विजेता स्वतंत्र ठरवणाऱ्या) जागतिक स्पर्धेत हा मान मिळवणारी ती पहिली डच महिला. पुढच्या दोन विजेतेपदांचे महत्त्व मात्र याहून अधिक मानावे लागते, कारण ती वेगवेगळ्या देशांत आणि अगदी वेगळ्या बर्फावर मिळाली : २०२४ मध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे, सुमारे हजार मीटर उंचीवर, आणि २०२५ मध्ये नॉर्वेतील हामार येथे, सखल भागात. उंचीवर हवा विरळ असते, तिचा अडथळा घटतो आणि वेग वाढतो. त्या वाढलेल्या वेगात वळण सांभाळणे हे वेगळे कसब आहे. थियाल्फ जवळजवळ समुद्रसपाटीला असल्याने त्याचा सराव तिथे होत नाही.

दक्षिण कोरियाच्या ली सांग-ह्वा हिने २०१३ मध्ये सॉल्ट लेक सिटीत ३६.३६ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. बारा वर्षे तो कुणालाही मोडता आला नाही. १६ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच धावपट्टीवर फेमकेने ३६.०९ सेकंद अशी वेळ नोंदवली. उभ्या जागेवरून सुटूनही ताशी जवळजवळ ५० किलोमीटर इतका हा सरासरी वेग आहे. जुन्या विक्रमात ०.२७ सेकंदांची सुधारणा झाली.