कोरियाची सीमा ३८ अक्षांशावर नाही

सोलहून एका दिवसाची सीमा-सहल करून आलेले लोक हमखास सांगतात, ‘३८ अक्षांशावर उभे राहून उत्तर कोरिया पाहिला.’ पाहिला असेल, पण तिथून नव्हे. उत्तर कोरिया न्याहाळायचे डोरा निरीक्षण केंद्र, उत्तर कोरियाने सीमेखालून खोदलेला आणि १९७८ मध्ये सापडलेला तिसरा बोगदा, अगदी शस्त्रसंधीच्या वाटाघाटींचे ठिकाण पानमुनजोमसुद्धा, सगळे ३८ अक्षांशाच्या दक्षिणेला आहे. त्या भागात ही रेषा उत्तर कोरियाच्या हद्दीतून जाते.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अमेरिकी अधिकाऱ्यांनी घाईघाईत नकाशा पाहून कोरियाची सोव्हिएत आणि अमेरिकी ताब्यात विभागणी करायला ३८ अक्षांश सुचवला. ना डोंगर पाहिले, ना नद्या. १९५० मध्ये युद्ध पेटले आणि ती फाळणी संपली. २७ जुलै १९५३ च्या शस्त्रसंधीत जी रेषा ठरली, ती त्या वेळी सैन्ये जिथे समोरासमोर होती त्यावरून. म्हणून ती तिरकी आहे: पश्चिमेला अक्षांशाच्या खाली, पूर्वेला वर. युद्धाआधी दक्षिणेत असलेले केसोंग उत्तरेकडे गेले, उत्तरेतले सोकचो दक्षिणेला मिळाले.

रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन किलोमीटरचा निर्लष्करी पट्टा आहे. शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतायला नकार देणारे युद्धकैदी याच पट्ट्यात भारतीय सैन्याच्या ताब्यात होते. त्या तुकडीचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शं. पां. पा. थोरात. सहलीतले गाइड हे क्वचितच सांगतात. पासपोर्ट मात्र आठवणीने मागतात.