शेंगदाणा चालेल, बेदाणा नाही

चिंगी, आमचं कुत्र्याचं पिल्लू, घरी आली तेव्हा अडीच महिन्यांची होती, वजन जेमतेम तीन किलो. मार्चमध्ये तिला घेऊन तासगावला आत्याकडे गेलो. आत्याचं बेदाण्याचं शेड आहे आणि त्या दिवशी रॅकवरून माल झाडायचं काम चाललं होतं. मी हातपाय धुऊन येईपर्यंत आत्यानं मूठभर बेदाणे चिंगीपुढे टाकलेही होते. खिशातले भाजके शेंगदाणे मी देऊ लागलो तर म्हणाली, "शेंगदाणं नको रं त्या लेकराला, पित्त व्हतंय. बेदाणं खाऊ दे, अंगाला लागंल."

तिच्या बोलण्यात माया होती. माणसाच्या लेकराला आपण हेच सांगतो: शेंगदाणा जड, बेदाणा रक्त वाढवणारा. कुत्र्याच्या पिल्लाला हा हिशोब उलटा लागू पडतो. शेंगदाणा त्याला बेतानं चालतो, बेदाणा त्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतो.

खिरापतीत हे दोघे एकत्र असतात, नावातही दोघांच्या दाणा आहे, म्हणून हाताला सवयीनं दोन्ही सारखेच वाटतात. पण शेंगदाणा म्हणजे शेंगेतलं बी, डाळींच्या कुळातलं. बेदाणा हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ 'बी नसलेला'. ते वाळवलेलं द्राक्ष आहे आणि घातक तेच आहे. ताजं द्राक्षही घातकच, पण साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडून जातं, बाकी सगळं त्या एवढ्याशा दाण्यात राहतं.

हे 'बाकी सगळं' म्हणजे नेमकं काय, ते बरीच वर्षं कळत नव्हतं. कुणी फवारणीला दोष दिला, कुणी बुरशीला. आपल्याकडे अजूनही लोक म्हणतात, गंधकाची धुरी दिलेला माल नको, घरचा सेंद्रिय चालेल. चालत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एएसपीसीए संस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी टार्टरिक ॲसिडकडे बोट दाखवलं. एका कुत्र्यानं मुलांना खेळायला घरी मळलेला पिठाचा गोळा खाल्ला होता. त्यात क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे टार्टरिक ॲसिडचाच क्षार होता, आणि त्या कुत्र्याची लक्षणं थेट द्राक्षं खाल्लेल्या कुत्र्यासारखी होती. हे ॲसिड द्राक्षाचं स्वतःचंच आहे. कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या नलिकांना ते नीट बाहेर टाकता येत नाही, ते तिथल्या पेशींत साचतं, असा आताचा कयास आहे. म्हणून बेदाणा धुऊन, भिजवून उपयोग नाही. शिऱ्यातला, खिरीतला, केकमधला बेदाणाही तसाच. हिरवा, पिवळा, काळा, मनुका, सगळे एकाच माळेचे.

याच ॲसिडामुळे चिंचही या यादीत येते. चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदी आहेत. चिंचगुळाची आमटी भातावर घालून पिल्लाला वाढणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. त्या आमटीत कांदा-लसूणही असतो आणि कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना तो वेगळाच मारक आहे.

"आमच्या शेडवरची कुत्री खाली पडलेला माल रोज खात्यात, काय होत न्हाई," हे मला आत्याच्या वस्तीवर चार जणांनी सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते. द्राक्षाच्या जातीनुसार, कच्चेपणानुसार ॲसिडचं प्रमाण बदलतं, आणि वीस किलोच्या कुत्र्यानं पाच दाणे खाणं वेगळं, तीन किलोच्या पिल्लानं मूठभर खाणं वेगळं. पण हातातल्या दाण्यात किती ॲसिड आहे हे बघून कळत नाही. नोंदल्या गेलेल्या विषबाधांत किलोमागे तीन ग्रॅमच्या आसपास बेदाण्यांनीही मूत्रपिंडं बिघडलेली आहेत. चिंगीच्या वजनाला ते नऊ ग्रॅम, म्हणजे माझ्या अर्ध्या मुठीहून कमी. 'एवढा चालतो' असा आकडा कुणीच देत नाही, मीही देणार नाही. आणि एखादं कुत्रं चार दिवस उपाशी राहून उसात जाऊन मेलं, तर त्याचा संबंध बेदाण्याशी कोण जोडतो?

आम्ही तासाभरात सांगलीत पशुवैद्यांकडे पोचलो. त्यांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली, मग दोन दिवस सलाईन, आणि मूत्रपिंडं नीट चालताहेत का हे सांगणाऱ्या क्रिएटिनिनसाठी दोनदा रक्त तपासलं. चिंगी वाचली, कारण खाल्लेलं आमच्या डोळ्यांदेखत होतं. एरवी पहिली उलटी बहुतेक वेळा काही तासांनी, पहिल्या दिवसातच होते. मग पिल्लू मलूल पडतं, खात नाही, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत थांबते. तोवर वाट पाहिली तर हाती फार थोडं उरतं. किती आणि कधी खाल्लं, पिल्लाचं वजन किती, एवढं सांगून लगेच डॉक्टरांना फोन करायचा. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. रक्तातलं सोडियम वाढून दुसरंच संकट उभं राहतं.

आता शेंगदाणा. तो विषारी नाही, एवढंच त्याच्या बाजूनं म्हणेन. त्यात जवळपास निम्मं तेल असतं आणि एकदम जास्त तेल पोटात गेलं तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. खाऊचा वाटा दिवसाच्या आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा असं पशुवैद्य सांगतात. चिंगीएवढ्या पिल्लाला दिवसाला तीन-चार दाणे पुष्कळ झाले, तेही टरफल काढून, बिनमिठाचे भाजून, अर्धे करून. खारे दाणे, चिक्की, लसणाची शेंगदाण्याची चटणी यांतलं काहीच नको. पीनट बटर देणार असाल तर बरणीवरची घटकांची यादी वाचा. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असेल तर ते बेदाण्याइतकंच जिवावर बेतणारं आहे.

शेंगदाण्याची खरी भीती कुबट वासाची. पावसाळ्यात पोत्यात ओल धरलेल्या दाण्यांवर बुरशी येते आणि तिच्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते यकृताला मारक आणि कुत्री त्याला फार नाजूक. निवडताना बाजूला काढलेले काळे, सुरकुतलेले दाणे 'कुत्र्याला होतील' म्हणून ठेवायची आपली पद्धत आहे, ती मोडायला हवी. जो दाणा आपण तोंडात टाकणार नाही, तो पिल्लालाही नाही.

रोज शेंगदाणाच हवा असंही नाही. ज्वारीच्या भाकरीचा नखाएवढा तुकडा, उकडलेलं गाजर, बिनमिठाचा लाल भोपळा, उकडलेल्या अंड्याचा कण, यावर चिंगी 'बस' आणि 'थांब' शिकली.

आत्यानं शेडच्या दारात आता आडवी फळी ठोकली आहे. रॅक झाडायच्या दिवसांत खालचा माल उचलून होईपर्यंत ती निघत नाही.