अध्यक्षांच्या रूलिंगला आव्हान

सभा चालू असताना अध्यक्षानं नियमाबद्दल जे रूलिंग, म्हणजे निर्णय, दिलं ते पटलं नाही, तर सदस्यानं जागेवर उठून "हा निर्णय सभेसमोर मतदानाला टाका" अशी मागणी करायची, याला रूलिंगला आव्हान देणं म्हणतात. वाद त्या एका निर्णयापुरताच असतो. निर्णय फिरला तरी अध्यक्ष खुर्चीवरच राहतात आणि पुढचा विषय तेच घेतात, म्हणून याला अविश्वास समजून चिडायचं काही कारण नाही.

याचे सगळ्यात सुटसुटीत नियम अमेरिकन लष्करी इंजिनिअर हेन्री रॉबर्ट यांच्या रॉबर्ट्स रूल्स या सभा चालवण्याच्या नियमांच्या १८७६ च्या पुस्तकात सापडतात. रूलिंग आलं की लगेच उठायचं, मध्ये दुसरं कामकाज सुरू झालं की वेळ गेली. अनुमोदक लागतो. चर्चा झाली तर प्रत्येकाला एकदाच बोलता येतं, अध्यक्षाला मात्र सुरुवातीला आणि शेवटी असं दोनदा, आणि तेही खुर्ची न सोडता. मग प्रश्न टाकतात, "अध्यक्षांचा निर्णय कायम ठेवायचा का?" निर्णय फिरवायला विरोधात बहुमत लागतं, समसमान मतं पडली तर निर्णय कायम. शिस्तीचा किंवा कामाच्या क्रमाचा मुद्दा असेल तर चर्चा नाही, सरळ मतदान. अध्यक्षानं नुसती माहिती दिली असेल तर ते रूलिंग धरत नाहीत आणि त्यावर आव्हानही चालत नाही.

याची ताकद किती ते बघायचं तर मार्च १९१० मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहानं स्पीकर जोसेफ कॅनन यांचं रूलिंग फिरवलं आणि त्यांना नियम समितीतून बाहेर काढलं, तरी स्पीकरपद त्यांच्याकडेच राहिलं. २१ नोव्हेंबर २०१३ ला तिथल्या सिनेटनं हाच मार्ग वापरून बहुतेक नेमणुकांवरची चर्चा थांबवायला ६० मतांऐवजी साधं बहुमत पुरेसं केलं. कॅनडाच्या हाउस ऑफ कॉमन्सनं मात्र १९६५ मध्ये ही सोयच काढून टाकली.

आपल्याकडे लोकसभेत आणि विधानसभेत ब्रिटिश पद्धत आहे, म्हणजे अध्यक्षांचं रूलिंग अंतिम, त्यावर तिथल्या तिथं मतदान मागता येत नाही, हरकतीचा मुद्दा मांडायचा आणि निर्णय ऐकून खाली बसायचं. फारच झालं तर अध्यक्षांना पदावरून काढायचा ठराव, त्याला १४ दिवसांची नोटीस आणि सभागृहाच्या तेव्हाच्या एकूण सदस्यांचं बहुमत लागतं (लोकसभेसाठी अनुच्छेद ९४, विधानसभेसाठी १७९). पहिले लोकसभा अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्याविरुद्धच डिसेंबर १९५४ मध्ये असा ठराव आला होता, तो फेटाळला गेला. कामकाजातल्या नुसत्या अनियमिततेसाठी कोर्टात जाता येत नाही, अनुच्छेद १२२ आणि २१२ तेच सांगतात.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेच्या महासभेत पीठासीन अधिकारी म्हणजे महापौर. समसमान मतं पडली तर निर्णायक मत त्यांचंच. महापौरांनी बोलू दिलं नाही म्हणून वेलमध्ये (महापौरांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत) उतरणं, राजदंड पळवणं हे प्रकार आपल्याकडच्या महापालिकांना नवे नाहीत, पण त्यातून रूलिंग बदलत नाही आणि मूळ विषय मात्र गोंधळात मंजूर होऊन जातो, याचं खरंच वाईट वाटतं. ठरावच बेकायदा असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार तो निलंबित किंवा विखंडित (म्हणजे रद्द) करू शकतं.

सामान्य माणसाचा संबंध येतो तो सोसायटीच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेला. सप्टेंबर आला की घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्सपासून नेरूळच्या सिडको बिल्डिंगपर्यंत सगळीकडे स्टिल्टमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या लागतात. खरी मेख असते अजेंड्याच्या शेवटच्या ओळीत, "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय". समजा त्यात एकदम वॉटरप्रूफिंगचं लाखोंचं काँट्रॅक्ट आलं आणि कुणी म्हणालं, "चेअरमन साहेब, हा खर्चाचा विषय नोटिशीत नाही, आज घेता येणार नाही," तर उत्तर ठरलेलं असतं, "अहो काका, मी परवानगी दिलीय ना, बसा आता." मागून दोघंतिघं "मंजूर, मंजूर" ओरडतात आणि सेक्रेटरी लिहून मोकळे. इथं रॉबर्ट्स रूल्स बंधनकारक नाहीत, उपविधी (सोसायटीची स्वतःची नियमावली) चालतात, पण सर्वसाधारण सभा ही सोसायटीतली सर्वोच्च सत्ता आहे असं १९६० चा सहकार कायदाच सांगतो, त्यामुळे चेअरमनच्या परवानगीपुढे सभासदांनी गप्प बसायची काही गरज नाही. तेव्हाच उठून शांतपणे तीन वाक्यं बोलावीत: माझी हरकत आहे, आवाजी नको हात मोजा, आणि माझा विरोध नावासकट मिनिट्समध्ये (सभेच्या इतिवृत्तात) घ्या. शेजारच्या ताईंनी "माझं अनुमोदन" म्हटलं तर आणखी चांगलं, एकट्याचा आवाज दाबणं फार सोपं असतं.

बऱ्याच सभासदांचं इथंच चुकतं, सभेत गप्प बसतात आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअप ग्रुपवर तावातावानं लिहितात, ज्याची नोंद कुठंच होत नाही. ड्राफ्ट मिनिट्स आल्या की त्यात आपला विरोध आहे का बघायचा, नसेल तर सेक्रेटरीला लेखी पत्र देऊन पोच घ्यायची. पुढे सभेच्या कामकाजाबद्दलचा वाद त्याच सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात नेता येतो, आणि तिथं हीच मिनिट्स आणि पोच दिलेलं पत्र कामाला येतं.