कॅल्शियमचे चार बिंदू आणि पाचवे बल

गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकीय, तीव्र आणि क्षीण या चार बलांखेरीज निसर्गात आणखी एखादे बल आहे का, याचा शोध कण प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवणाऱ्या महाकाय त्वरकांतच घ्यावा लागतो, असा समज आहे. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेला झुरिक, ब्राउनश्वाइग आणि हायडेलबर्ग येथील संशोधकांचा प्रयोग मात्र कॅल्शियमच्या मोजक्या अणूंवर झाला.

कॅल्शियम 40, 42, 44, 46 आणि 48 या समस्थानिकांत प्रोटॉन 20च असतात, फक्त न्यूट्रॉन वाढतात. त्यामुळे केंद्रकाचे वस्तुमान आणि आकार बदलून वर्णरेषा, म्हणजे अणू शोषतो किंवा सोडतो त्या प्रकाशाची ठरावीक कंपनसंख्या, किंचित सरकते. हे सरकणे गणिताने पुरेसे अचूक काढता येत नाही. यावर 1963 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. किंग यांनी सुचवलेली युक्ती मला फार सुंदर वाटते. कॅल्शियम 40 ची इतर चार समस्थानिकांशी एकेक जोडी लावून, प्रत्येक जोडीत दोन वेगवेगळ्या वर्णरेषांचे सरकणे मोजून त्यांना वस्तुमानांच्या ज्ञात गुणकाने भागले, की वस्तुमानाचा परिणाम सगळ्या जोड्यांसाठी एकच स्थिरांक होतो. आणि केंद्रकाच्या आकारातला फरक दोन्ही रेषांना सामाईक असल्याने एका समीकरणातून काढून दुसऱ्यात घालता येतो. मग आलेखावर चार जोड्यांचे चार बिंदू एका सरळ रेषेत यायला हवेत. इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉन यांच्यात एखादे अज्ञात बल असेल, तर ही रेषा वाकेल.

झुरिकच्या गटाने दोन समस्थानिकांचे आयन (इलेक्ट्रॉन काढून घेतलेले अणू) एकाच सापळ्यात शेजारी ठेवून सेकंदाला सुमारे 411 लाख कोटी कंपनांच्या लाल प्रकाशातला त्यांचा फरक हर्ट्झच्या दशांशापर्यंत मोजला. यांतले कॅल्शियम 46 निसर्गात लाख अणूंमागे जेमतेम चार सापडते. ब्राउनश्वाइगमध्ये 14 इलेक्ट्रॉन काढून घेतलेल्या कॅल्शियमची रेषा मोजली गेली, तर हायडेलबर्गमध्ये केंद्रकांची वस्तुमाने.

रेषा निःसंशय वाकली. तेवढ्यावरून पाचव्या बलाची चाहूल लागल्याच्या बातम्या झाल्या, त्या घाईच्या होत्या. आणि अणूच्या आतल्या या बलाचा ‘वैश्विक ऊर्जे’च्या उपचारांशी संबंध जोडणे ही तर सरळ दिशाभूल आहे. वस्तुमानाचा दुसऱ्या क्रमाचा परिणाम (किंगच्या युक्तीत न धरलेली बारीक दुरुस्ती) आणि इलेक्ट्रॉनांच्या ओढीने केंद्रकाचे होणारे ध्रुवीकरण, म्हणजे त्यातल्या विद्युतभाराचे किंचित विस्थापन, ही दोन्ही परिचित बलांचीच कारणे हा वाक समजावू शकतात. त्यांपैकी ध्रुवीकरणाचे गणित अजून कच्चे आहे, म्हणून नव्या बलाच्या तीव्रतेवर फक्त मर्यादा घालता आली. तिसरी वर्णरेषा इतक्याच अचूकतेने मोजली, तर केंद्रकाचा आणखी एक अज्ञात घटक याच युक्तीने समीकरणांतून काढून टाकता येईल.