स्टेशन तरंगू नये म्हणून

आशियातली पहिली भुयारी रेल्वे धावली तोक्योत, ३० डिसेंबर १९२७ रोजी, उएनो ते आसाकुसा या जेमतेम २.२ किलोमीटरांवर. त्याच उएनोला १९८५ मध्ये शिन्कान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, पोचली, तेव्हा तिचे फलाट चौथ्या तळघरात गेले, जमिनीखाली साधारण ३० मीटर. इतक्या खोल स्टेशनाचं छत तर नाही ना बसणार, अशी धास्ती आपल्याला वाटेल. तिथल्या इंजिनिअरांना घोर लागला तो वेगळाच: स्टेशन वर तर येणार नाही ना?

रिकामी घागर सरळ धरून विहिरीच्या पाण्यात दाबून पाहा. हाताला उलटा रेटा जाणवतो. भुयारी स्टेशन म्हणजे काँक्रीटची भलीमोठी घागरच, आतून पोकळ. भोवतीच्या वाळूमातीत भूजल असेल, तर तळाच्या वर चढलेल्या दर १० मीटर पाण्यामागे तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला खालून १० टनांचा रेटा बसतो. आपल्याकडेही जमिनीत पुरलेली प्लास्टिकची टाकी पावसाळ्यात रिकामी ठेवली, तर ती माती उचकटून वर येऊ शकते.

मग आधी हिशेब चुकला होता का? तसं नाही. आराखडे झाले तेव्हा पाणी बरंच खाली होतं. कारखान्यांनी दशकानुदशकं ते उपसलं होतं. त्यापायी शहराच्या पूर्वेकडची कोतो भागातली जमीन काही ठिकाणी सुमारे ४.५ मीटर खचली, समुद्रसपाटीच्याही खाली गेली. १९५६ पासून उपशावर एकेक कायदेशीर बंधनं आली. खचणं जवळपास थांबलं, आणि मोकळं झालेलं भूजल हळूहळू वर चढू लागलं. चांगल्या कामाची ही अशी बिदागी!

पुन्हा उपसा करावा, तर जमीन पुन्हा खचणार. म्हणून उएनोत आधी फलाटांखाली हजारो टन लोखंड रचलं. सरळ वजन ठेवून दाबायचं, लोणच्याच्या बरणीतल्या फोडींवर दगड ठेवावा तसं. पाणी चढतच राहिलं, तेव्हा पोलादी नांगर आले. तळाच्या काँक्रीटमधून खालच्या घट्ट थरापर्यंत भोकं पाडायची, त्यांत पोलादी दोर सोडून टोकं सिमेंटनं जखडायची आणि वरून ताणून पक्की करायची. जहाजाचा नांगर ते वाहून जाऊ नये म्हणून. हा, स्टेशन वर निसटू नये म्हणून. तोक्यो स्टेशनाच्या पाचव्या तळघरातले सोबू मार्गाचे फलाट १९७२ चे. त्यांनाही १९९९ मध्ये असेच शंभराहून अधिक नांगर ठोकले.

तरी पाणी बोगद्यांत झिरपतंच, आणि ते गटारात सोडायचं म्हणजे सांडपाण्याचा आकार भरावा लागतो. तिकडे तोक्योच्याच शिनागावा भागातली ताचिआई नदी उन्हाळ्यात कुजकट वासानं बदनाम होती. २००२ मध्ये सोबू बोगद्यातलं पाणी बारा-एक किलोमीटरांच्या नळातून त्या नदीत सोडलं. पुढच्याच वर्षी तिथे बोई माशांच्या झुंडी आल्या, आणि त्या बघायला काठावर माणसांची गर्दी.