जनुकीय पुनर्वर्गीकरण, वनस्पतींचे (सोलापूर परिसर)

डीएनएतील क्रम ताडून वनस्पतींचे नाते नव्याने ठरवणे व त्यानुसार त्यांचे कुल, प्रजाती (जवळच्या जातींचा गट) आणि शास्त्रीय नाव बदलणे. सपुष्प वनस्पतींच्या कुलांची फेरमांडणी १९९८ पासून ‘एपीजी’ या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाने केली. तीनुसार सोलापूरच्या बाजार समितीत उतरणारा कांदा लिलिएसीतून ॲमॅरिलिडेसीत गेला आणि रुईचे स्वतंत्र कुल मोडून ती कण्हेरीच्या कुलात आली. या बदलांवर फारसा वाद नाही.

बाभूळ, हिवर, खैर : लिनीअस यांनी १७५३ मध्ये बाभूळ ‘मिमोसा निलोटिका’ म्हणून नोंदवली. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिवर्णनात (१९०१–०८) ती ‘ॲकेशिया अरेबिका’ आहे. पुढे अग्रक्रमाच्या नियमाने जुने विशेषण (नावाचा दुसरा शब्द) ग्राह्य ठरून ‘ॲ. निलोटिका’ रूढ झाले. या फेरबदलाचा जनुकांशी संबंध नाही.

सुमारे १,३५० जातींची ॲकेशिया ही प्रजाती एकसंध नसावी, ही शंका डीएनए हाती येण्याआधीची आहे. लेस्ली पेडली यांनी १९८६ मध्ये तिचे तीन भाग सुचवले होते. काटे नीट पाहिले तरी भेद दिसतो : बाभूळ व हिवर यांत उपपर्णांचेच (देठाच्या बुडाशी येणाऱ्या लहान पानांचे) सरळ, जोडीचे काटे झालेले असतात, खैराचे काटे आकडेदार आणि सालीवरून उगवलेले. हरितलवकातील डीएनएच्या तुलनेने हे गट वेगळ्या वंशशाखांचे असल्याचे दाखवले. ऑस्ट्रेलियातील सुमारे हजार जातींची शाखा निराळीच निघाली.

खरा पेच त्यानंतरचा. प्रजाती विभागली की मूळ नाव नामप्ररूप, म्हणजे त्या नावाचा आधार ठरवलेली जात, असलेल्या गटाकडे राहते. ॲकेशियाचे नामप्ररूप बाभूळच होती. म्हणजे नाव ऑस्ट्रेलियन जातींनी सोडायचे. मात्र २००३ मध्ये नामप्ररूपच बदलून तेथे ऑस्ट्रेलियन जात धरावी, असा प्रस्ताव आला. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत (२००५) जवळपास ५५ टक्के मते त्याविरुद्ध पडली, तरी नामकरण समितीने प्रस्तावाच्या बाजूने केलेली शिफारस फेटाळण्यास ६० टक्के लागत असल्याने तो टिकला. मेलबर्न येथे (२०११) निर्णय कायम झाला. हजारभर नावे बदलण्याचे टळले, हा समर्थकांचा मुद्दा वजनदार आहे. तथापि बहुमत विरोधात असताना झालेल्या निर्णयावर आफ्रिकेतून घेतले गेलेले आक्षेप सहज बाजूला सारता येत नाहीत. आता बाभूळ व हिवर ‘व्हॅचेलिया’त, तर खैर ‘सेनेगॅलिया’त मोडतात. व्हॅचेलिया हे नाव वाइट व अर्नॉट यांनी १८३४ मध्येच देवबाभळीसाठी योजले होते. वाद संपल्यावर ते कामी आले.

शमी व वेडी बाभूळ : येथे नियम सरळ लागू झाला. २०२२ मध्ये ‘प्रोसोपिस’ प्रजाती विभागली गेली. तिचे नामप्ररूप शमी (सौंदड) असल्याने तिचे नाव अबाधित राहिले आणि अमेरिकेतून आलेली वेडी बाभूळ ‘नेल्टुमा ज्यूलिफ्लोरा’ झाली. ती भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली असे मानतात; सोलापूरच्या ओढ्याकाठी व पडीक रानांत ती माजली ती बहुधा बरीच नंतर.

जातीखालील भेद : रामकाठी, कवडी व तेलिया हे बाभळीचे प्रकार शेतकरी चांगले ओळखतात. त्यांपैकी सरळ, निमुळत्या शेंड्याच्या रामकाठीला उपजातीचा दर्जा दिला जातो.

व्यवहार : वनस्पतिसंग्रहात नमुन्यावरील जुनी चिठ्ठी खोडत नाहीत, शेजारी नव्या नावाची, तारीख व सहीसह, दुसरी चिठ्ठी डकवतात. रोपवाटिका आणि औषधी वनस्पतींवरील लेखनात ॲकेशिया अजून सर्रास चालते, त्यामुळे संदर्भ शोधताना दोन्ही नावे पाहावी लागतात.