युरोपातील देशोदेशींचे आत्महत्येचे प्रमाण

वर्षभरात दर लाख लोकसंख्येमागे किती आत्महत्या झाल्या, यावरून देशांची तुलना करतात. वृद्धांचे प्रमाण देशागणिक वेगळे असल्याने आकडे आधी वयानुसार प्रमाणित करून घेतात, म्हणजे सगळ्या देशांची वयरचना सारखीच आहे असे धरून मोजतात. २०२१ मध्ये युरोपीय संघात सुमारे ४७ हजार माणसे आत्महत्येने दगावली. सरासरी दर लाखामागे १०.२ होता. स्लोव्हेनिया व लिथुएनियात तो २० च्या जवळ, हंगेरीत १६ च्या आसपास, तर ग्रीस व सायप्रसमध्ये ४ च्या आसपास होता. म्हणजे एकाच खंडात जवळजवळ पाचपट तफावत. पुरुषांचे प्रमाण मात्र सगळीकडेच अधिक असून संघात ते स्त्रियांच्या तिपटीहून जास्त आहे.

या तफावतीचा संबंध लोकांच्या स्वभावाशी किंवा हवामानाशी जोडण्याची सवय जुनी आहे. ती सोडायला हवी. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९६० मध्ये एका भाषणात, कल्याणकारी राज्यामुळे एका युरोपीय देशात आत्महत्या वाढल्याचे सुचवले. त्यांनी नाव घेतले नाही, पण रोख स्वीडनकडे होता आणि हा समज स्वीडनला पुढे कायमचा चिकटला. प्रत्यक्षात स्वीडनचा दर आज संघाच्या सरासरीहून थोडाच वर आहे. उत्तरेकडच्या अंधाऱ्या हिवाळ्याला दोष देणारेही चुकतात, कारण आत्महत्या सर्वाधिक होतात त्या वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला. शिवाय एका देशातही एकसारखेपणा नसतो. स्लोव्हेनियाच्या पूर्वेला, हंगेरीच्या सीमेकडे, प्रमाण जास्त आहे. ॲड्रियाटिक समुद्राकडे ते कमी होत जाते.

आकडा तयार कसा होतो, हेही पाहावे लागते. घरात एकटा असताना कुणी मेला, चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही. अशा मृत्यूची नोंद अपघात, आत्महत्या की 'हेतू अनिश्चित' यांपैकी कशात करायची, ते त्या देशाचा कायदा आणि पद्धत ठरवते. इंग्लंडमध्ये कॉरोनरला, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, आत्महत्येचा निष्कर्ष काढण्यासाठी फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत असे. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने ही अट सैल केली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आयर्लंडमध्ये तर १९९३ पर्यंत आत्महत्या हा गुन्हा होता. जिथे कायद्याचा धाक किंवा धर्माचा बट्टा घरच्यांच्या वाट्याला येतो, तिथे खरी संख्या कागदावर कमी उमटते. १८९७ मध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने प्रॉटेस्टंट प्रदेशांत दर जास्त आणि कॅथलिक प्रदेशांत कमी असल्याचे मांडले, तेव्हा त्याच्यावरही पुढे हाच आक्षेप घेतला गेला. तरीही ग्रीस आणि लिथुएनिया यांच्यातील एवढे मोठे अंतर केवळ नोंदणीच्या फरकाने भरून निघत नाही.

दर किती बदलू शकतो, हे मला या विषयातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९८० च्या दशकात हंगेरीचा दर लाखामागे ४५ च्या घरात, जगात सर्वाधिक होता. आज तो त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. सोव्हिएत संघात १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम उघडली, तेव्हा रशिया आणि लिथुएनियासह बाल्टिक प्रदेशांत आत्महत्या झपाट्याने कमी झाल्या, विशेषतः पुरुषांमध्ये. मोहीम ढिली पडली, राज्य कोसळले, नोकऱ्या गेल्या, आणि दर पूर्वीपेक्षाही वर गेला. १९९० च्या दशकाच्या मध्यास लिथुएनिया ४५ च्या आसपास पोहोचला होता. तिथे २०१७ मध्ये दारूवरील अबकारी कर वाढला, २०१८ मध्ये दारू खरेदीचे किमान वय २० झाले. दर खाली येत राहिला. आर्थिक संकटानेही दर हलतो: २०१० नंतर ग्रीसमध्ये तो वाढला, पण खंडातल्या कमी दरांच्या देशांतच राहिला.

फिनलंडने निराळी वाट धरली. एप्रिल १९८७ ते मार्च १९८८ या बारा महिन्यांत देशात झालेल्या सगळ्या १,३९७ आत्महत्यांचा तिथे एकेक करून अभ्यास झाला. नातेवाईकांशी आणि उपचार करणाऱ्यांशी बोलून मृत माणसाचे शेवटचे दिवस समजून घेण्यात आले. नैराश्य वारंवार आढळले. त्यावर पुरेसे उपचार मिळालेले फारच थोडे होते. हे निष्कर्ष डॉक्टर, शाळा, चर्च आणि सैन्यापर्यंत पोहोचवले गेले. १९९० मध्ये लाखामागे ३० असलेला दर पुढच्या तीन दशकांत निम्म्याहून खाली उतरला. तिथले हिवाळ्यातले दिवस आजही तितकेच लहान आहेत.

ऑस्ट्रियात बदल वर्तमानपत्रांतून आला. व्हिएन्नाच्या मेट्रोतील आत्महत्यांच्या भडक बातम्यांवर १९८७ मध्ये मार्गदर्शक सूचना आल्या, वृत्तपत्रांनी त्या पाळल्या, आणि मेट्रोतील आत्महत्या लगोलग कमी झाल्या. बातमी कशी द्यावी याविषयीचे नियम त्यानंतर इतरही अनेक देशांनी केले.